पाण्यात पाहणे

यंत्र नुसतं घुमत होतं.
दार बंद, कुलूप लागलेलं, आत ओतियाचे सहा ॲप्रन,
बेकरीच्या कणकेने पत्र्यासारखे ताठ,
आणि पाणी नाही.
चार मिनिटांनी पडद्यावर पुन्हा तेच:
एक अक्षर, दोन आकडे, तीनदा पिंग.
पुस्तिका जर्मन. यंत्रही जर्मन, सेकंडहँड,
ओतिया आणि त्याच्या भावाने आठ मजले जिन्याने चढवलेलं,
कारण आमच्या लिफ्टला नाणं टाकलं तरी
ती एवढं वजन घ्यायला तयार नव्हती.

मी नळ पाहिला. उघडा.
नळी भिंतीशी जराशी चेपली होती,
यंत्र पुढे ओढून मोकळी केली.
पुन्हा घुमणं. पुन्हा पिंग.
मग नळी सोडवून बादलीत धरली, तर
पाणी आलं, चांगलं जोरात, किंचित तांबूस.
म्हणजे भिंतीपर्यंत सगळं ठीक,
फक्त यंत्राच्या उंबऱ्याशी येऊन ते थांबत होतं,
आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखं.

तेवढ्यात दारावर थाप. त्सिआला.

सात वर्षं मी या बाईला पाण्यात पाहत आले.
रोज पहाटे पाचला तिचा नळ सुटतो,
तो पाइप नेमका आमच्या उशाशी,
आणि तिचा टब भरत राहतो, भरत राहतो,
ज्यात ती कधीच अंघोळ करत नाही.
अख्ख्या ग्ल्दानीला चोवीस तास पाणी आहे आता,
मी एकदा तिला ऐकवलं होतं.
ती म्हणाली, आता आहे.

"सकाळपासून काय रडतंय हे?"
तिने यंत्राला कान लावला.
"घसा हलतोय. घोट मिळत नाहीये."
आणि निघून गेली.

परत आली ती दोन्ही हातांत एनॅमलचे जग घेऊन.
साबणाचा खण ओढला आणि ओतलं.
काही नाही. दुसरा. चौथा.
सातव्याला आत कुठेतरी टक् झालं
आणि ड्रम फिरला.
यंत्राला वाटलं, नळानेच दिलं.

माझी बादली तिथेच भरलेली होती, बोटभर अंतरावर.
"हे घे ना," मी म्हटलं.
तिने बादलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे.
"पांढऱ्या कपड्यांना? गंज?"
तिचं पाणी रात्रभर निवळलेलं होतं.

खळबळायची वेळ आली तशी यंत्राला पुन्हा तहान.
पुन्हा तिच्या खेपा, सपातांचा फटफटाट,
माझ्या घरापासून तिच्या टबापर्यंत ओल्या ठिपक्यांची वाट.
तिसऱ्या फेरीला ती स्टुलावर टेकली,
धापा टाकत, यंत्राची पाठ न्याहाळत.
"किटलीच्या तोंडाशी असते तशी गाळणी
याला नसेल का?"

मी फोनचा उजेड पाडला.
होती. नळी जिथे बसते तिथेच, आत,
नखाएवढी जाळी.
काखेत कळसा.
त्सिआलाने भुवयांचा चिमटा आणला
आणि काटा काढावा तशी ती अलगद ओढली.
वाळू. गंजाचे पापुद्रे.
हिरव्या रंगाची एक खपली,
कुठल्या काळातली, कुठल्या पाइपाची, कोण जाणे.
ओतियाच्या टूथब्रशने मी ती घासली
(त्याला अजून सांगितलेलं नाही).

नळी आवळली. नळ सोडला.
आणि पाणी असं काही आत घुसलं
की भिंतीतला पाइपच दचकला.
आम्ही दोघी उभ्या राहून ऐकत होतो,
पाहण्यासारखं काहीच नव्हतं तरी.

"चहा टाकते," मी म्हटलं.
"नको. टब अर्ध्यावर आलाय."
तिने जग उचलले, चिमटा केसांत खोचला.

रात्री ओतियाने विचारलं, ही आत्ता का भरतेय?
मी सांगितलं, झोप.
पाइप बराच वेळ बोलत होता.
आवाज बारीक होत होत थांबेपर्यंत
मी जागी होते.